सोमवारचं माप

रविवार, ६ फेब्रुवारी १९८३. सुट्टीचा दिवस होता आणि मी परळच्या आमच्या हॉस्पिटलात, श्वासाच्या तपासणीच्या खोलीत, तोंडनळ्या उकळत होते. तोंडनळी म्हणजे पेशंट जिच्यात फुंकतो ती वीतभर नळी. रोजच्या कामाला तीस पुरायच्या. दुसऱ्या दिवशी दोनशेच्या वर लागणार होत्या. मिळाल्या तिथून गोळा केल्या होत्या, रबराच्या, लाकडी, काही चक्क सायकलच्या ट्यूबचे तुकडे. आमचं उकळायचं भांडं लहान पडलं म्हणून कॅन्टीनमधून चहाचं मोठं पातेलं मागून आणलं. कॅन्टीनवाला पातेलं सोडायला तयार नव्हता.

"बाई, उद्या यातच चहा करायचाय मला. पेशंटची थुंकी कोण पिणार?"

"इतकं उकळलेलं पातेलं तुझ्या कॅन्टीनला आयुष्यात मिळालं नसेल," मी म्हटलं आणि पातेलं उचललं.

एवढी घाई उद्या सोमवार होता म्हणून. संपाला वर्ष होऊन गेलं होतं. लालबागच्या एका गिरणीनं महिन्यापूर्वी एक पाळी चालू केली होती आणि थोडे लोक आत जाऊ लागले होते. त्यात माझा थोरला भाऊ होता. दादा तिथं ब्लोरूममध्ये कामाला. कापसाच्या गाठी फोडून कापूस पिंजतात ते हे खातं. तिथली हवा पांढरी असते. दादा त्या हवेत सव्वीस वर्षं होता.

त्याचा आजार आमच्या खोलीत रोज दिसायचा. गिरणी कामगारांचं एक ठरलेलं बोलणं असे, "बाकी वार ठीक असतात बाई, सोमवारी छाती आवळते." रविवारी माणूस धुळीपासून लांब राहतो, छाती जरा मोकळी होते, आणि सोमवारी पुन्हा आत गेला की आवळते. वर्षं गेली की सगळेच वार सोमवारसारखे होतात. दादानं नुकसानभरपाईसाठी आणि हलक्या कामासाठी दोनदा अर्ज केला होता. विम्याच्या डॉक्टरांच्या मंडळानं दोन्ही वेळा एकच शेरा मारला: विडी. दादा विडी ओढायचा हे खरं. पण विडी सोमवार-शुक्रवार बघत नाही. सोमवारी पाळीच्या आधी आणि पाळीनंतर त्याच माणसाचा श्वास मोजला आणि संध्याकाळचा कमी भरला, तर ते कापसाचंच काम. आमच्या डॉक्टरांनी मंडळाला हे पटवलं होतं. मंडळ म्हणालं, मापं आणा.

मापं आणायची कशी, हाच प्रश्न होता. आमचं जुनं यंत्र म्हणजे पाण्यात तरंगणारं पत्र्याचं पिंप. चार माणसांशिवाय हलत नसे, आणि हललं की पाणी सांडून बिघडे. गिरणीच्या दाराशी ते नेणं अशक्य होतं. म्हणून तो संशोधक आमच्याकडे येऊ लागला.

तो दादरचा, तिशीचा, एका संस्थेत डॉक्टरेट करणारा, पुणेकरासारखं स्वच्छ बोलणारा. कारखान्यातल्या पाईपांमधून हवा किती वाहते ते मोजायचं हा त्याचा मूळ विषय. केसाएवढी बारीक तार विजेनं तापवायची, तिच्यावरून हवा गेली की ती निवते, आणि किती निवली त्यावरून हवेचा वेग कळतो. आमच्या डॉक्टरांनी कुठल्याशा व्याख्यानात हे ऐकलं आणि त्याला विचारलं, "पाईपाऐवजी माणूस लावला तर?" त्यावर तीन वर्षं गेली. सुरुवातीला थुंकीच्या ओलाव्यानं तार तुटायची. मग उन्हाळ्यात माप चढायचं आणि थंडीत उतरायचं. शेवटी खाकी पत्र्याची एक पेटी तयार झाली, जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी. नळीत फुंकलं की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली त्याचा आकडा लाल दिव्यांत उमटे. मी ती पेटी पिंपाशी सहा महिने ताडून पाहिली होती. पेटी खरी होती. अशा दोन पेट्या तो घेऊन येणार होता.

डॉक्टरांचे नियम दोन होते. एक, रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं माप आपण घ्यायचं नाही. दुसरा, तपासणी कशासाठी आहे ते कुणाला सांगायचं नाही.

"कळलं की मुद्दाम हळू फुंकतील," ते म्हणाले. "मग मंडळ सगळंच फेकून देईल."

"घरच्यांनासुद्धा नाही?"

"घरच्यांना तर अजिबात नाही."

मला ते पटलं. नियम पाळणं मला जड जात नाही. दादाला मी एवढंच सांगितलं, "सोमवारी साडेसहाला ये, फुंकून जा, संध्याकाळी परत फुंक." तो "बरां" म्हणाला. काही विचारलं नाही. त्याचं नवल मला तेव्हा वाटलं नाही.

जागा गिरणीच्या दारासमोरच्या व्यायामशाळेत मिळाली. मालकांच्या जागेत नको म्हणून आम्हीच ती निवडली होती. सोमवारी सहाला पोचलो तेव्हा मागच्या आवारात पोरं जोर काढत होती. आत दोन टेबलं लावली, मध्ये चादरीचा पडदा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो संशोधक. कार्डावर नाव लिहायचं नाही, फक्त गिरणीचा तिकीट नंबर. दर अर्ध्या तासानं तो एका पितळी पिचकारीनं पेटीत मोजून हवा सोडायचा आणि आकडा बरोबर येतो का पाहायचा. तेवढ्यात रांगेला विनोद सुचायचे.

"बाई, शिमगा लवकर आला काय यंदा? पिपाण्या वाटताय त्या!"

"फुंका. बोलण्यात श्वास जातो तुमचा."

"जाऊ दे की. बायकोपुढे तरी कुठे उरतो!"

रस्त्यापलीकडे संपावरचे उभे होते. त्यांचा आवाज खिडकीतून आत यायचा. "फुंका रे फुंका! मालकाची चूल फुंका!" मग एक शिवी, मग कुणाच्या तरी आईचा उद्धार. रांगेतले खाली मान घालायचे. त्यांच्यातल्या कितींचे सख्खे भाऊ पलीकडे उभे होते, देव जाणे.

दादाला मी आवारातल्या नळाजवळ पाहिलं. खांद्यावर पंचा, हातात तिकीट. त्यानं मान हलवली, मीही हलवली. तो पडद्यापलीकडच्या रांगेत जाणार होता, नियमाप्रमाणे. साडेतीनला पाळी सुटल्यावर पुन्हा सगळे आले, पुन्हा फुंकून गेले. वेळेत काम झालं. मी समाधानानं घरी, गिरगावात फणसवाडीला, गेले आणि नवऱ्याला म्हटलं, "दादाचं काम होईल आता."

बुधवारी तक्ते मांडायला बसलो. माझ्या टेबलावरच्या मापांत सकाळ-संध्याकाळ फरक दिसत होता, पण माझ्याकडे बहुतेक विणकाम खात्यातले आले होते. त्यांना धूळ कमी, फरकही कमी. ब्लोरूमचे लोक जवळजवळ सगळे पडद्यापलीकडे गेलेले. तिथले बहुतेक आकडे उत्तम होते. सकाळी उत्तम, संध्याकाळीही तितकेच. त्यातल्या अकरा नंबरांचे आकडे तर एकमेकांसारखेच, दुसऱ्या दशांशापर्यंत.

संशोधक खूश होता. "बघा ना ताई, काय स्थिर आहे यंत्र! उकाडा झाला, दिवस गेला, तरी जरा हललं नाही."

"अकरा माणसांची छाती एका मापाची असते का?"

"सारख्याच वयाची, सारख्याच कामाची माणसं आहेत," तो म्हणाला, पण जरा हळू.

मग मी दादाचा नंबर शोधला. तो मला पाठ होता. लहानपणी मी त्याचा जेवणाचा डबा गिरणीच्या दाराशी न्यायचे आणि डब्यावर तोच नंबर तेलरंगात लिहिलेला असे. नंबर त्या अकरांत होता. आकडा पंचविशीतल्या पैलवानाचा. दादा जिना चढताना पहिल्या मजल्यावर कठड्याला टेकून उभा राहतो, कुणी पाहिलं तर चप्पल नीट करतोय असं दाखवतो. मी पाहिलेलं होतं. पिंपावर त्याचं माप कधी घेतलं नव्हतं, पण त्यासाठी माप लागत नव्हतं.

डॉक्टर त्या आठवड्यात परगावी होते. ते सोमवारी रात्री परतायचे होते आणि मंगळवारी अहवाल टाईप व्हायचा होता. घरच्या अडचणींत माझे चार दिवस गेले, ते जायला नको होते. सोमवारी, चौदा तारखेला, काम सुटल्यावर मी लालबागला गेले. तिन्हीसांज झाली होती. वहिनी दारात बसून सुकट निवडत होती, दादा खाटेवर उशा रचून बसला होता. माहेरी गेलं की माझी बोलीही बदलते.

"दादा, त्या दिवसाक तू फुंकलंस?"

त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी सुकटीकडे.

"बदली दिलंय," तो म्हणाला.

गिरणीत बदली देणं ही फसवणूक नव्हे, रीत होती. ताप आला, गावाला जायचं झालं, की आपलं तिकीट दुसऱ्याला द्यायचं, तो आपल्या जागी उभा राहायचा, खातं चालू राहायचं. दादा स्वतः चार वर्षं बदली म्हणून राबला तेव्हा कायम झाला. काम अंगाला झेपत नसेल तर बदली द्यावा, यात त्याला सांगण्यासारखं किंवा लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"कोणाक दिलंस?"

"थयच्याच. तालमीतल्या त्या जाड्याक. तेणा धा-अकरा जणांची फुंकर मारल्यान. हसत होतो मेलो. एकदा डोक्याक रुमाल, एकदा टोपी. तुमचो तो मास्तर आकडेच बघी होतो, तोंड खंय बघता?"

"पण कित्याक, दादा?"

"कित्याक म्हणजे?" आता तो चिडला, आणि चिडला तसा खोकला. खोकला संपेपर्यंत मी थांबले. "इतक्या वर्षांत गिरणीच्या डॉक्टरान तपासल्यान ता काढूकच. छाती खराब, जा घराक. वर्षभर घरात बसलंय, फितूर म्हणान घेतलंय, आणि परत कामार लागलंय. माझी फुंकर बघल्यानी असती तर दुसऱ्या दिवसाक भायर."

"ती तपासणी तुझ्यासाठी होती. विम्यासाठी. फुंकर वाईट येऊकच होयी होती."

शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.

"मगे सांगूचा नाय?" वहिनी म्हणाली. सुकटीचं सूप तिनं बाजूला ठेवलं. "एक शब्द, बाय. सख्खो भाऊस ना तुझो? एक शब्द सांगूक तुझा काय जाता?"

"सांगूचा नाय असो नियम होतो."

"नियम!" वहिनी म्हणाली. आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं.

मी कामाचं बोलायला लागले. मला तेवढंच जमतं. म्हटलं, डॉक्टरांना सांगते, परत करू, पुढच्या सोमवारी, यावेळी तू स्वतः फुंक, जसं येईल तसं. दादा ऐकत राहिला, मग हसला.

"सोमवार खंयचो आता? शनिवारी नोटीस लावल्यानी. ब्लोरूम बंद. सूत भायरसून हाडतले. आमका घराक धाडल्यानी, तपासल्याशिवायच."

मी उठले तेव्हा वहिनीनं चहा विचारला नाही. जिन्यापर्यंत दादा पोचवायला आला. कठड्याला टेकला, आणि या वेळी चप्पल नीट करायचं नाटक केलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. ब्लोरूम पुन्हा उघडली नाही. इतर कुठल्या गिरणीत तपासणी न्यावी तर बहुतेक बंद, आणि ज्या चालू होत्या त्यांनी आम्हाला दारात उभं केलं नाही. धूळच नाही तर सोमवारही नाही. नुसती छाती खराब आहे एवढं सिद्ध झालं असतं, आणि त्याचं उत्तर मंडळाकडे तयार होतं, विडी. दादा वहिनीला घेऊन गावाला गेला आणि तिसऱ्या वर्षी वारला. मी उशिरा पोचले.

पेटीचं मात्र चांगलं झालं. एका कंपनीनं ती घेतली, खाकी पत्रा जाऊन पांढरं प्लास्टिक आलं, तार बदलली, कागदावर आलेख छापून येऊ लागला. दादरला, माहीमला, खासगी दवाखान्यांत दम्याच्या मुलांना त्यात फुंकायला लावतात. मीच कितीतरी टेक्निशियनना ती शिकवली. उत्तम यंत्र आहे. ते मी वाईट म्हणणार नाही.

त्या सोमवारी लालबागहून परतल्यावर मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी आठला हॉस्पिटलात पोचले. डॉक्टर आले होते, संशोधकही आला होता, टायपिस्ट कागद लावून बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माझा भाऊ, त्याचा नंबर, तालमीतला पैलवान, आणि मला न सांगितलेले बाकीचे.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाकीचे कोण?"

"अकरा तर दिसतायत. त्याहून जास्त असतील. एकच बदली होता असं धरायचं कारण नाही."

"भावाला विचारता येईल?"

"सांगणार नाही. सांगितलं तरी मी लिहून देणार नाही. ते गिरणीला कळलं तर देण्याच्या शेवटच्या हिशेबाच्या वेळी त्यांना छळतील."

संशोधक तक्त्याकडे बघत होता. एकाएकी त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे अकरा वेळा एकाच माणसानं फुंकलं, आणि अकरा वेळा तोच आकडा आला? सर, याहून चांगली चाचणी मी मुद्दाम केली असती तरी..." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचं चुकलं नव्हतं. पुढे त्याच्या प्रबंधात तेच गेलं.

डॉक्टरांनी तक्ता आपल्याकडे ओढून पाहिला. नंतर म्हणाले, "कुठला खरा, कुठला बदली, आपल्याला कळणार नाही. ब्लोरूमचा एकही आकडा मंडळापुढे ठेवता येणार नाही. न सांगण्याचा नियम माझा होता, बाई." मी म्हटलं, "पाळला मी." आणखी काय म्हणणार?

टायपिस्टला त्यांनी जायला सांगितलं. मी रजिस्टर घेतलं, लाल शाईचं पेन घेतलं, पट्टी घेतली. दादाची ओळ आधी खोडली, बाजूला सही केली. मग ब्लोरूमच्या बाकीच्या. मध्येच तीन नंबर असे आले की सकाळी वाईट, संध्याकाळी त्याहून वाईट, जसे यायला हवे होते अगदी तसे. त्या तिघांनी स्वतः फुंकलं होतं, मला खात्री होती. खात्री मंडळाला दाखवता येत नाही. मी डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि मी त्या तीन ओळींवरही पट्टी ठेवली. एकंदर एकेचाळीस ओळी झाल्या. शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडं ठेवलं. तोवर बाहेर पेशंटची रांग लागली होती, म्हणून दार उघडून पहिल्याला आत घेतलं.